झाडूगाडी

बायको गेली त्या दिवशी मी खोटं बोललो. एकदाच बोललो, पण तीन-चार जणांसमोर बोललो, त्यांनी ते पुढच्यांना सांगितलं, आणि आता ते खरंच झाल्यासारखं झालं आहे. मी सांगितलं की तिचा नंबर मी चढाच्या पायथ्याशी, पाण्याच्या टेबलाजवळ काढून घेतला. तेव्हा ती ठणठणीत होती, हसत होती, असंही सांगितलं. तसं नव्हतं. नंबर मी अर्ध्या चढावर घेतला. ती हसत नव्हती. तिचे ओठ निळे पडले होते आणि ते मी पाहिले होते.

हे समजायला शर्यतीचं थोडं सांगावं लागेल.

आमच्याकडे दर हिवाळ्यात एकवीस किलोमीटरची शर्यत असते. दोन-सव्वादोनशे माणसं येतात. शाळेच्या मैदानातून सकाळी साडेसातला सुटायचं, शेतांमधल्या अरुंद रस्त्याने लांब वळसा घालायचा आणि पुन्हा मैदानात यायचं. वाटेत तीन चढ आहेत. पहिले दोन कसेही निभतात. तिसरा सोळाव्या किलोमीटरला सुरू होतो आणि तीन किलोमीटर सोडत नाही. त्याला सगळे सासूचा चढ म्हणतात. संपला असं वाटतं तेव्हा तिचं आणखी काहीतरी बाकी असतं.

रस्ता तीन तास बंद ठेवतात. सगळ्यांच्या मागे एक गाडी असते. कागदावर तिचं नाव वेगळं आहे, पण धावणारे तिला झाडूगाडी म्हणतात, कारण ती उरलेसुरले झाडून आणते. तीन तास झाले की झाडूगाडीने मागे राहिलेल्याला गाठायचं आणि विचारायचं, आत बसता का? नको म्हणाला तर त्याच्या छातीवरचा नंबर काढून घ्यायचा. नंबर दिला की तो माणूस शर्यतीतून बाद. मग त्याने कडेकडेने स्वतःच्या जबाबदारीवर चालत यायचं. गाडीने त्याच्यासाठी थांबायचं नाही. पुढे जाऊन नंबर जमा करायचे, ते मोजून झाले की दोन्ही टोकांना अडवलेल्या गाड्या सोडतात.

ती गाडी सहा वर्षं मी चालवली. बायको त्यातली पाच वर्षं धावली.

ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. दिवसाला चारशे चादरी. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला दुसरी बाई, धरायची, झटकायची, घडी. एकोणपन्नासाव्या वर्षी तिला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला. तिने चालायला सुरुवात केली आणि चालता चालता पळायला लागली. मी म्हणायचो, तुला चाला म्हणाले होते. ती म्हणायची, चालून तुमच्यापासून कितीसं लांब जाता येतं?

ती हळू पळायची. बहुतेक वेळा शेवटच्या पाचात. पण दर वर्षी वेळेत यायची. फक्त चौथ्या वर्षी तिचा पाय मुरगळला आणि सासूच्या चढावरच तीन तास झाले. मी तिचा नंबर घेतला नाही. तिच्यामागे गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत नेली. पंचवीस मिनिटं उशीर झाला, दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या. मैदानात पोचलो तर शिट्टीमास्तरांनी लाउडस्पीकरवरून सांगितलं, "नवरा-बायकोची वरात आली एकदाची! सोडा आता रस्ता!" शिट्टीमास्तर म्हणजे शाळेतले जुने व्यायामशिक्षक, शर्यत तेच भरवतात. मनाने वाईट नाहीत. पण सगळं मैदान हसलं, मीही हसलो. ती हसली नाही. पुढे महिनाभर धुलाईघरातल्या बायका तिला वरात आली, वरात आली म्हणायच्या.

पाचव्या वर्षी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, ती बुटांच्या नाड्या धुऊन दोरीवर टाकत होती. मला म्हणाली, "हे बघा. या वेळी माझ्या मागे रांगायचं नाही. वेळ संपला की बाकीच्यांचा घेता तसा माझा नंबर घ्यायचा आणि चालतं व्हायचं. मला कुणाच्या मेहेरबानीने शर्यत पुरी करायची नाही."

"आणि तू मागे राहिलीस तर?"

"मला पाय आहेत. येईन."

मी हो म्हणालो. मी शब्द पाळणारा माणूस आहे, असं लोक म्हणतात. माझं कामच तसं आहे. मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानातले, भंगारवाल्यांचे, दवाखान्यात बाळं तोलायचे. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझा कारखाना, एक टेबल. माझ्याकडे लाकडी पेटीत तपासणीची वजनं आहेत, ती मी उघड्या हाताने उचलत नाही, चिमट्याने उचलतो, कारण बोटाच्या घामानेही फरक पडतो. असा माणूस मी.

त्या दिवशी फार थंडी होती. गवतावर पांढरं साचलं होतं. पहिल्या चढापासूनच ती मागे पडली. सोळाव्या किलोमीटरपासून तर रस्त्यावर ती आणि मी, दोघंच. मी शंभर पावलं अंतर ठेवून होतो. अर्ध्या चढावर पाण्याच्या पाइपलाइनची एक सिमेंटची खोली आहे, आत व्हॉल्व्ह असतो. तिथे साडेदहा वाजले. मी गाडी तिच्या बाजूला नेली आणि काच खाली केली.

"वेळ संपला," मी म्हणालो. "बसतेस?"

तिने मान हलवली. डावा हात छातीशी धरला होता, मला वाटलं थंडीने. तोंड मेणासारखं. ओठ निळे. मी म्हणालो, "बरं वाटत नाहीये का?" ती म्हणाली, "नंबर घ्या. जा." पिना तिच्याच्याने निघेनात. मी गाडीतून हात बाहेर काढून चारही पिना काढल्या. मग ती पुन्हा म्हणाली, "जा."

आणि मी गेलो. आरशात पाहिलं तर ती चालत होती.

मैदानात नंबर जमा केले. रस्ता सुटला. चहा घेतला. अकराच्या पुढे वाट पाहायला लागलो. अकरा वीसला एक ट्रॅक्टरवाला फोन करत आला की वरच्या वळणावर, जिथे समोरची गाडी दिसावी म्हणून खांबावर मोठा गोल आरसा बसवलाय तिथे, एक बाई पडलेली आहे.

हृदय, असं डॉक्टर म्हणाले. एका क्षणात झालं असणार, काही कळलंही नसेल. माझी मुलगी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करते, दुसऱ्या शहरात. तिने डॉक्टरांना विचारलं नाही, मला विचारलं.

"बाबा, आई किती वेळ एकटी होती?"

"नाही कळणार आता."

"तुम्ही तिला शेवटचं कुठे पाहिलंत?"

तेव्हा मी पाण्याचं टेबल म्हणालो. माझा मेहुणा शेजारी होता, शिट्टीमास्तर होते. शिट्टीमास्तर म्हणाले, पायथ्याशी तर मीसुद्धा पाहिली, छान होती. झालं. त्यावर कोणी पुढे विचारलं नाही. सगळ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवले.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यात अर्थ नाही. मी कामाला बसायचो. एका किराणावाल्याचा काटा मी तीनदा दुरुस्त केला आणि तीनदा तो परत आला. एवढं पुरे.

डोक्यात एकच गोष्ट होती. व्हॉल्व्हच्या खोलीपासून आरशाच्या वळणापर्यंत अंतर किती, ते मी गाडीने मोजलं होतं. एक किलोमीटर दोनशे मीटर. पण वेळ किती? ती पाच मिनिटांत पडली असती तर वळणापर्यंत पोचलीच नसती. म्हणजे चालली. पण किती वेळ चालली? पाय ओढत चालली की नेहमीसारखी? मी एका रविवारी तिथे जाऊन चालून पाहिलं. साडेबारा मिनिटं. घरी आलो आणि मनाला पटेना. रिकामा काटा शून्यावर आला म्हणून तो बरोबर आहे असं होत नाही. त्यावर वजन टाकून बघावं लागतं. माझ्या पायांवर वजन नव्हतं. सतरा किलोमीटर पायांत घेऊन, त्याच थंडीत, तेवढ्याच वाजता तिथे पोचलो तर जे काही घड्याळ दाखवेल ते खरं.

म्हणून मी नाव घातलं. वय अठ्ठावन्न. आयुष्यात बस पकडायलासुद्धा पळालो नव्हतो.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला वेड लागलंय का?"

"लोक पळतात. माझ्यापेक्षा म्हातारे पळतात."

"ते गेल्या वर्षी त्याच रस्त्यावर कुणाला घालवून नाही बसलेत."

"तिच्यासाठी पळतोय," मी म्हणालो. दुसरं खोटं.

ती रडली. म्हणाली, मी येईन, शेवटच्या रेषेवर थांबेन. तिला ते चांगलं वाटलं होतं, हे सगळ्यात वाईट.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शाळेची गाडी चालवतो, बारा सीटची, पिवळी. माणूस तोंडाळ. बहिणीवर त्याचा फार जीव. त्या वर्षी झाडूगाडी चालवायला कुणी तयार नव्हतं, तर हा स्वतःहून गेला आणि म्हणाला मी आणतो माझी. मग माझ्याकडे आला, टेबलावरचा एक काटा बोटाने दाबत म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला झाडायला मीच असणार. लाज राखा."

"हात काढ त्यावरून. तपासायचाय."

"काय दाखवतोय बघा, सव्वा किलो. माझं बोट सव्वा किलोचं आहे. बायको उगाच नाही घाबरत."

त्याला गेल्या वर्षीचं काही माहीत नव्हतं. उलट तो सगळ्यांना सांगायचा, भाऊजींनी पायथ्याशीच तिला विचारलं होतं हो, आमची ताईच हट्टी.

चार महिने मी सराव केला. त्याचं कौतुक नको. पहाटे उठायचो, कालव्याच्या कडेने जायचो, उजवा गुडघा दुखायचा, घरी येऊन बर्फ लावायचो. कालव्याकडचे लोक हात करायचे. एक जण म्हणाला, वहिनी वरून बघत असतील. मी मान हलवली.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. शिट्टीमास्तरांनी लाउडस्पीकरवर बायकोचं नाव घेतलं आणि दोन मिनिटं शांत उभं राहा म्हणाले. लोक उभे राहिले. पण थंडी एवढी होती की मिनिटभराने पुढचे पाच-सहा जण जागच्या जागी उड्या मारायला लागले, आवाज न करता. कुणाला दोष नाही, मलाही मारायची होती. मास्तरांनी ते पाहिलं आणि दीड मिनिटातच शिट्टी फुंकली.

पहिल्या किलोमीटरला मी शेवटचा झालो आणि शेवटपर्यंत शेवटचाच राहिलो. तेच हवं होतं. तिच्या वेगाने जायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूला नांगरलेली जमीन, ढेकळं कडक झालेली, कुठे कुठे खड्ड्यातलं पाणी गोठून काचेसारखं. पहिला चढ झाला. दुसऱ्या चढावर गुडघा बोलायला लागला. मागून मेहुण्याच्या गाडीचा आवाज, आणि मधून मधून त्याचा.

"भाऊजी! तो दगड बघा तुम्हाला मागे टाकून गेला!"

मी पुढे बघून पळत राहिलो.

"अहो, दम आहे की संपला? हात तरी हलवा!"

मी हात हलवला. तो हसला. नंतर तो गप्प झाला, कारण मी लंगडायला लागलो होतो.

पाण्याच्या टेबलावर दोन बाया कागदी पेले आवरत होत्या. एक म्हणाली, काका, बसा ना गाडीत, काय सिद्ध करायचंय? मी पाणी घेतलं. दात वाजत होते, अर्धं अंगावर सांडलं. सासूचा चढ समोर होता.

चढाचं वर्णन काय करायचं. रस्ता वर जातो. डावीकडे दरड, उजवीकडे उतार आणि खाली शेतं. मी पळत नव्हतो, चालत होतो. घाम आलेला आणि वारा सुटलेला, त्यामुळे शर्ट पाठीला बर्फासारखा चिकटत होता. बोटं हातमोज्यातसुद्धा कळत नव्हती. मी एक-दोन-तीन-चार मोजत होतो आणि पुन्हा एकपासून. तिने काय केलं असेल, मोजलं असेल का, हे मला माहीत नाही. पाच वर्षांत कधी विचारलं नाही.

व्हॉल्व्हच्या खोलीपाशी दहा सत्तावीस झाले होते. मी घड्याळाचं बटण दाबलं.

शंभरेक पावलं गेलो असेन, तेवढ्यात पिवळी गाडी बाजूला आली. काच खाली गेली.

"भाऊजी, साडेदहा. संपलं. आत या, हीटर चालू आहे."

"नको."

"नको काय? तुमचं तोंड बघितलंय का? नासलेलं दूध दिसतंय. या आत."

"नंबर घे," मी म्हणालो. मी पिना काढायला लागलो आणि माझी बोटं चालेनात. त्याने गाडी थांबवली, उतरला, माझ्यासमोर उभा राहून एकेक पिन काढली आणि चारही आपल्या स्वेटरला लावून टाकल्या. नंबर समोरच्या काचेमागे टाकला.

"जा आता," मी म्हणालो.

"कुठे?"

"मैदानात. नंबर जमा कर. रस्ता उघडायचाय. नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात." तो गाडीत बसला. "चाला तुम्ही. मी आहे मागे."

"अरे, गाड्या अडकल्यात दोन्हीकडे."

"अडकू देत. शाळेची गाडी चालवतो मी, लोकांनी हॉर्न वाजवायची सवय आहे मला."

"मी तुला जा म्हणतोय!"

"ऐकलं. बहिरा नाही." आणि त्याने चारही दिवे लुकलुकते लावले.

मी चालायला लागलो. तो मागे. पहिल्या गिअरमध्ये, पाच-सात पावलांवर. इंजिनाचा तो आवाज मला ओळखीचा होता, मीच एकदा तसा आलो होतो. त्याचा फोन वाजला. काच उघडी होती, मला ऐकू येत होतं.

"हो मास्तर... हो, कळतंय... नाही, इंजिन तापलंय... आता थंडीत तापलं त्याला मी काय करू, तुम्हीच सांगा... वीस मिनिटं. तीस लावा... करा की अनाउन्स, करा. माझी वरात काढा, मला काही नाही." फोन ठेवला. मग मला ओरडून म्हणाला, "भाऊजी, आरामात! कुठे गाडी पकडायची नाहीये!"

मला थांबावं लागलं. दरडीला हात टेकून उभा राहिलो. तोही थांबला. मी निघालो, तो निघाला. पुढे आणखी एकदा थांबलो, तेव्हा त्याने उतरून स्वतःचं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं आणि एक शिवी घातली, मला की थंडीला माहीत नाही.

एवढंच होतं. मला चालता चालता ते कळलं, आणि एकदा कळल्यावर दुसरं काही डोक्यात येईना. तिने जा म्हटलं होतं, मी जा म्हटलं. तिने नंबर दिला, मी दिला. याला माझं जा ऐकू आलं नव्हतं असं नाही, त्याला नियम माहीत नव्हता असं नाही. तो फक्त गेला नाही. त्याला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

आरशाचं वळण आलं. खांबावर गोल आरसा, कडेला गंज. त्यात मी बुटका, वाकडा दिसत होतो आणि मागे पिवळी गाडी. मी बटण दाबलं. एकोणीस मिनिटं आणि काही सेकंद.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. ती एका क्षणात गेली असेल. पण त्याआधी एकोणीस मिनिटं ती या रस्त्यावर चालत होती, छातीला हात धरून, आणि मी नसताना. एकोणीस मिनिटांत हॉस्पिटल येतं. मी ते नंतर कितीदा गाडीने मोजलंय. तेरा लागतात.

मी कठड्यावर बसलो. मेहुणा उतरला.

"इथेच ना?" तो म्हणाला. टोपी काढली त्याने. "मला वाटलंच होतं तुम्ही इथे थांबणार."

"मी तिला पायथ्याशी सोडलं नाही," मी म्हणालो.

"काय?"

"नंबर. पायथ्याशी नाही घेतला. खाली व्हॉल्व्हची खोली आहे ना, तिथे घेतला."

तो माझ्याकडे बघत राहिला. गाडीचे दिवे टिक-टिक वाजत होते.

"म्हणजे चढावर."

"हो."

"कशी होती?"

"ओठ निळे होते. हात असा धरला होता."

"तुम्हाला दिसलं नाही?" त्याचा आवाज मोठा नव्हता. "भाऊजी, तुम्ही ग्रॅमचा फरक डोळ्यांनी ओळखता. दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं."

"मग?"

"ती जा म्हणाली."

"ती जा म्हणाली," तो म्हणाला. "ताई मला पन्नास वर्षं जा म्हणत होती. लहानपणी रोज म्हणायची. मी कधी गेलो?"

तो वळला, उताराच्या कडेला जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. किती वेळ ते माहीत नाही, घड्याळ मी बंद केलं होतं. फोन दोनदा वाजून थांबला. मला वाटलं तो आता गाडीत बसेल आणि निघून जाईल. गेला असता तरी मी काही म्हणालो नसतो.

तो परत आला. डोळे लाल होते.

"बसा गाडीत."

"चालतो. दोनच किलोमीटर—"

"बसा म्हणतो ना! मागे बसा. माझ्या शेजारी नको."

मी मागे बसलो. सीट लहान मुलांच्या, गुडघे हनुवटीशी आले. त्याने लुकलुकते दिवे बंद केले आणि गाडी चालवायला लागला, आणि मैदान दिसेपर्यंत आरशातसुद्धा माझ्याकडे पाहिलं नाही. फाटकाशी म्हणाला, "पोरीला कोण सांगणार? तुम्ही की मी?"

"मी."

"आज."

"आज."

मुलगी शेवटच्या रेषेजवळ उभी होती, हातात टॉवेल आणि थर्मास. ती रस्त्याकडे बघत होती, त्यामुळे गाडी दुसऱ्या बाजूने आली ते तिला उशिरा दिसलं. मग धावत आली. "बाबा! काय झालं? गुडघा का? मी म्हणत होते ना." टॉवेल माझ्या डोक्याभोवती गुंडाळायला लागली. शिट्टीमास्तर लाउडस्पीकर घेऊन आमच्याकडे येत होते, मेहुण्याने त्यांना हाताने लांबच थांबवलं.

मी मुलीला शाळेच्या वर्गात नेलं. तिथे बूट-बॅगा ठेवायला एक वर्ग उघडा होता. लहान बाकांवर बसलो. मी सगळं सांगितलं. व्हॉल्व्हची खोली, ओठ, पिना, आणि एकोणीस मिनिटं. तिला कामाची सवय आहे, लोकांना श्वास रोखा म्हणून सांगायची. तिने स्वतःच रोखला असावा, कारण मी थांबलो तेव्हा तिने एकदम मोठा श्वास घेतला.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, बाबा. त्याच दिवशी."

"हो."

"आणि ही शर्यत? आईसाठी म्हणालात ते?"

"वेळ मोजायचा होता."

तिने थर्मास बाकावर ठेवला. उठली. दाराशी थांबून म्हणाली, "पुढे जाऊन काय करत होतात तुम्ही? त्या वेळात?"

मी म्हणालो, "चहा घेत होतो."

ती गेली. खिडकीतून मला दिसलं, ती मामाकडे गेली. दोघं पिवळ्या गाडीला टेकून उभे राहिले. मग तो तिला तिच्या गाडीपर्यंत सोडायला गेला. मला घरी शिट्टीमास्तरांनी सोडलं. वाटेत ते म्हणत होते की इंजिन तापलं तरी काही हरकत नाही, तुम्ही प्रयत्न केलात, पुढच्या वर्षी नक्की. मी हो हो म्हणत होतो.

मेहुणा त्यानंतर आलेला नाही. त्याचं जाकीट माझ्याकडेच होतं, ते मी धुऊन त्याच्या बायकोकडे देऊन आलो. तिने दारातूनच घेतलं.

मुलीचा फोन बावीस दिवसांनी आला. दुपारी, मी टेबलावर होतो.

"गुडघा कसा आहे?"

"सूज आहे अजून."

"एक्स-रे काढला?"

"नाही."

"काढा," ती म्हणाली. "मंगळवारी या इकडे. मी असते सकाळी. दहाला या."

मी म्हणालो, येतो. तिने फोन ठेवला. मी कॅलेंडरवर मंगळवारावर खूण केली, आणि किती वेळ त्या खुणेकडे बघत बसलो होतो, ते मोजलं नाही.